लाहोरची ढाल, म्हसावदची चूल

मी एक जुनी ढाल आहे, आणि माझ्या अंगाला गुळाचा वास येतो. मित्रांनो, या दोन गोष्टी एका जागी कशा आल्या, तेच सांगायला बसले आहे. मध्येच माझा आवाज चढेल. चढू द्या. वय झालं की माणसांचाही चढतो, मी तर पोलाद आहे.

माझा जन्म लाहोरचा. तिथे महाराजा रणजितसिंगांचं राज्य होतं, तेव्हाची मी. एका कारागिराने मला सतरा दिवस ठोकून ठोकून गोल केलं, पाठीवर वेलबुट्टी कोरली आणि चार पितळी फुलं बसवली. फुलं शोभेची वाटतात, पण आतल्या मुठीच्या कड्या त्यांनाच अडकवलेल्या असतात. आतून लाल मखमलीची गादी होती, धरणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. तसा थाट मी पुन्हा कधी पाहिला नाही.

महाराजांनी तुला पाहिलं होतं का, असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारतात. माझ्या मालकाच्या घरात चार पिढ्या सांगत आल्या की महाराजांनी मला हात लावून वाहवा केली होती. खरं सांगते, तसलं काही झालं नाही. महाराजांची स्वारी रस्त्याने गेली त्या दिवशी मी खुंटीला, भिंतीकडे तोंड करून टांगलेली होते. माझ्या कडेला एक पोचा आहे, तो लढाईतला आहे असंही ते सांगत. तो उंटाच्या लाथेचा आहे. पण घरची माणसं एवढ्या कौतुकाने सांगत असताना मी कशाला तोंड घालू? मीही गप्प बसले.

एक गोष्ट मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. महाराज एवढे मोठे, पण नाण्यावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. नाण्यावर गुरूंचं नाव असे, आणि देग, तेग, फतेह हे शब्द. तेग म्हणजे तलवार आणि फतेह म्हणजे विजय, एवढं मला समजायचं. पण देग म्हणजे लंगरात स्वयंपाक शिजतो तो मोठा हंडा. त्याचं नाव तलवारीच्या आधी कशाला? आम्ही रणात मार खायचा आणि पहिला मान भांड्याला, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातून ढालीचं नाव तर कुठेच नाही. हा राग मी किती वर्षं बाळगला हे विचारू नका.

महाराज गेले आणि दहा वर्षांत राज्यही गेलं. इंग्रजांनी घरोघर फिरून हत्यारं गोळा केली, तेव्हा माझ्या मालकाने मला गव्हाच्या कोठीत पुरलं. तिथे मी कितीतरी वर्षं नाकापर्यंत गव्हात होते. बाहेर काढल्यावर माझी जागा भिंतीवर ठरली. दसऱ्याला पूजा, हार, पेढा, आणि बाकीचं वर्षभर धूळ. पावसाळ्यात मला गंज चढे आणि दसऱ्याआधी तो विटेच्या भुकटीने खरवडून काढत. पूजेचा आनंद व्हायचा, पण त्या खरवडण्याने जीव नकोसा व्हायचा.

पुढे त्या घरात भावाभावांची वाटणी झाली. भावांनी जमीन आणि म्हशी घेतल्या. धाकटा बलकारसिंग ट्रक चालवायचा. त्याने फक्त मला मागून घेतलं आणि ट्रकमध्ये आपल्या सीटच्या मागे बांधलं. भावांनी त्याला वेड्यात काढलं. मला मात्र तो फार आवडला. लाहोरहून निघालेली ढाल पुन्हा मोहिमेवर निघाली, असं मी मनाशी धरून चालले, जरी मोहीम बहुतेक वेळा कांद्यांची आणि केळ्यांची असली तरी.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्याचा ट्रक केळी भरायला नंदुरबार जिल्ह्यात आला आणि म्हसावदजवळ त्याचा एक्सल तुटला. सुटा भाग सुरतेहून यायला आठ दिवस लागले. ते आठही दिवस बलकारसिंग भिला पाटलांच्या घरी राहिला, कारण ट्रक ज्यांच्या बांधाला टेकून बसला होता ते शेत त्यांचंच होतं. भिलाआप्पा तेव्हा पस्तिशीचे होते. त्यांना हिंदी बेताची येत होती आणि बलकारसिंगला अहिराणी अजिबात येत नव्हती, तरी दोघे रोज अंगणातल्या खाटेवर बसून तासन् तास बोलायचे. काय बोलायचे ते त्यांनाच माहीत.

निघायच्या दिवशी भिलाआप्पांच्या बायकोने, प्रमिलाबाईने, पाहुण्याला पुरणाचे मांडे करून वाढले. तुम्ही खानदेशातले असाल तर मांडे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत धोतराएवढी पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. बलकारसिंगने सात मांडे खाल्ले. मग तो ट्रककडे गेला, मला सोडून आणलं आणि भिलाआप्पांच्या हातात ठेवलं.

त्याचं म्हणणं असं होतं की आता त्याला दूर आसामकडे जायचं होतं, आणि नाक्यानाक्यावर पोलीस माझ्यावरून त्याला छळत. दोन महिन्यांत परत येतो, तोवर ही अमानत सांभाळा. माझं एक पितळी फूल त्याने फिरवून काढलं आणि खिशात घातलं. हे फूल घेऊन जो येईल त्यालाच ढाल द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. शेवटी त्याने एकच अट घातली. हिला गंज चढू द्यायचा नाही. ती अट भिलाआप्पांना बरोबर समजली, कारण त्यांच्याकडेही वखर, पांभर अशी शेतीची लोखंडी फाळांची अवजारं होती. त्यांनी बलकारसिंगचा हात धरून शब्द दिला.

दोन महिने झाले, चार झाले. बलकारसिंग काही आला नाही. मी ओसरीवरच्या खिळ्याला लटकून आल्यागेल्याला माझी वेलबुट्टी दाखवत होते. तीनच फुलं राहिल्यामुळे मनाला जरा लागायचं, तरी तोरा कायम होता. प्रमिलाबाईला मात्र मी पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होते. हाई लोखंडनं ताट भीतवर टांगीसन काय करानं, असं ती येता-जाता म्हणायची. ताट! मला!

मग आखाजी आली. तुम्ही तिला अक्षय तृतीया म्हणता. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि आमरसाबरोबर मांडे नसतील तर तो सणच नव्हे. त्या आखाजीला सकाळी प्रमिलाबाईचं खापर चुलीवरच उकललं. घरात दोन नणंदा आणि त्यांची पोरं येऊन बसलेली, पुरण वाटून तयार, आणि कुंभार लेकीच्या गावाला गेलेला. प्रमिलाबाई कमरेवर हात ठेवून ओसरीवर आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. माझी गोल, फुगीर पाठ तिने पाहिली.

पुढचं सांगताना आजही लाज वाटते. तिने माझी लाल मखमली गादी उपसून काढली. मुठीचे पट्टे कापले. फुलाच्या जागी पडलेलं भोक लोहाराकडून सपाट खिळा ठोकून बुजवून आणलं. आतून मातीचा लेप दिला आणि मला, महाराजांच्या फौजेच्या ढालीला, चुलीवर पालथं घातलं. गादीची तिने चुंबळ केली. पुढे चार वर्षं माझी गादी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन विहिरीवर जायची आणि मी स्वयंपाकघरातून बघत राहायची.

आणि मित्रांनो, काय सांगू, मांडे असे उतरले की नणंदांनी बोटं चाटली. पोलाद एकसारखं तापतं, मांडा कुठे कच्चा राहत नाही. माझी तीन फुलं जिथे टेकायची तिथे मांड्यावर तीन गोल खरपूस टिळे उमटायचे. लोकांना ती प्रमिलाबाईची कलाकुसर वाटली. गावात कुणाचं लग्न ठरलं की आधी तिला निरोप जायचा. शेजारच्या सरलाबाईने तीन वाट्या तापवून मांड्यावर दाबून पाहिल्या, तेव्हा मांडा फाटला आणि सरलाबाईचं बोट भाजलं. तीन टिळ्यांचा मांडा म्हणजे प्रमिलाबाईचाच, ही गोष्ट म्हसावदपासून शहाद्यापर्यंत पक्की झाली.

भिलाआप्पांनी सुरुवातीला विरोध केला. शब्द दिला आहे म्हणाले. मग त्यांनी पहिला मांडा तोंडात घातला आणि विरोध पुरणाबरोबर खाली गेला. तरी त्यांच्या मनात सल होता, तो मला कळायचा. कधीतरी रात्री जेवून हात धुताना ते माझ्याकडे बघत आणि मान खाली घालत. बलकारसिंग आता येणार नाही, असं ते स्वतःलाच समजावत असत.

माझा आणि त्या बाईचा एक्केचाळीस वर्षांचा उभा दावा. ती मला ताट म्हणायची, मग खापर म्हणायला लागली, हल्ली 'हाई बया' म्हणते. काम झालं की ती मला निववायची, मातीचा लेप खरवडायची, राखेने घासायची, फडक्याने कोरडी करायची आणि वरून तेलाचा हात फिरवून खुंटीला अडकवायची. कितीही दमली तरी हे चुकायचं नाही. मांडे केले नाहीत त्या पंधरवड्यातही ती मला काढून तेल लावायची. मला त्यात अपमान वाटायचा. रणातल्या वस्तूला कुणी कढईसारखं पुसतं का, असं वाटून नाकाला मिरच्या झोंबायच्या. केव्हा एकदा कुणीतरी येईल आणि मला या धुरातून सोडवून एखाद्या काचेच्या कपाटात नेईल, याची मी वाट पाहत होते.

यंदा चैत्रात फोन आला. घरच्या सुनेने, रंजिताने, घेतला. ती शाळेत शिक्षिका आहे, तिची हिंदी चांगली. पंजाबातून बलकारसिंगची नात सिमरत बोलत होती. आजोबांच्या जुन्या वहीत तिला म्हसावदचा पत्ता सापडला होता, त्यावरून तिने घरचा नंबर शोधून काढला. आजोबा ब्याऐंशीचे झाले होते. त्या वर्षी आसामच्या वाटेवर मोठा अपघात झाला, पाय गेला, ट्रक सुटला, आणि मग लाजेपायी त्यांनी कुणाला कळवलंच नाही. आता दोघं नांदेडला दर्शनाला येणार होते. तिथल्या गुरुद्वाऱ्याचं बांधकाम महाराजांनीच करवलं, त्यामुळे म्हाताऱ्याचा तिकडे फार ओढा. तिथून ते म्हसावदला येणार होते, थेट आखाजीच्या दिवशी. त्यांच्या गावात महाराजांच्या काळातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात माझी जागा ठरली होती. शेवटी म्हातारा स्वतः फोनवर आला, आणि भाभीच्या हातचे मांडे पुन्हा खायचे आहेत, एवढंच बोलला.

फोन ठेवल्यावर भिलाआप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तिथेच खाटेवर बसले. आयुष्यभर त्यांनी कुणाला दिलेला शब्द मोडला नव्हता. एक मोडला होता तो हाच, आणि ज्याला दिला होता तो एका पायावर पंजाबातून विचारायला येत होता.

घरात एकच धांदल उडाली. आठ दिवस मला चिंचेने घासलं, लिंबाने घासलं, रंजिताने शहाद्याहून कसली तरी पांढरी पावडर आणली तिने घासलं. एक्केचाळीस वर्षांची काजळी निघाली आणि खालून माझी वेलबुट्टी वर आली. रंजिता बघतच राहिली. मला परातीत माझंच तोंड दिसलं आणि मी खुलले. भिलाआप्पा हातोडी घेऊन कडेचा पोचा काढायला आले, तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला. उंटाची एवढी एकच आठवण माझ्याजवळ उरली आहे. सुदैवाने रंजिताने त्यांना अडवलं.

मग सगळ्यांनी बसून काय बोलायचं ते ठरवलं. गादी कुठे गेली असं पाहुण्यांनी विचारलं तर उंदरांनी खाल्ली. पट्टे कुठे गेले तर तेही उंदरांनी खाल्ले. खिळा कशाला मारला तर भोकातून मुंग्या जात होत्या. प्रमिलाबाईला सक्त ताकीद होती की तिने तोंडच उघडायचं नाही. मांड्यांसाठी तालुक्याच्या बाजारातून नवं मातीचं खापर आणलं. मला ओसरीवर मधोमध टांगलं, झेंडूचा हार घातला आणि पुढे उदबत्ती लावली.

पहिला दिवस मी हवेत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला कंटाळा आला. ओसरीवर कुणी आलं की मला नमस्कार करायचं आणि निघून जायचं. माझ्याशी कुणी भांडेना. आतून प्रमिलाबाईचं डाळ शिजवणं, पुटपुटणं, बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि मी आपली हार घालून भिंतीवर. संध्याकाळी ती सवयीने तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. हात वर केला, हार पाहिला आणि तशीच परत गेली. मित्रांनो, मला तेव्हा रडूच यायचं बाकी राहिलं होतं. पोलादाला रडून चालत नाही, गंज चढतो.

आखाजीच्या दिवशी दहाच्या सुमारास पाहुणे आले. बलकारसिंग कुबडीवर होता, दाढी पांढरीशुभ्र, पगडी निळी. दोन म्हातारे अंगणात गळ्यात पडले. सिमरत तिशीच्या आतली, चुणचुणीत मुलगी. तिने वही काढून माझी मापं घ्यायला सुरुवात केली. म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला, त्याने डोकं झुकवलं, आणि मग नाक वर करून दोनदा वास घेतला. ढालीला गुळातुपाचा वास येतो, असं तो नातीला म्हणाला. भिलाआप्पा घाईघाईने म्हणाले की आम्ही रोज धूप दाखवतो. सिमरतने गुळाचा धूप असं वहीत लिहूनही घेतलं.

गादीची चौकशी झाली, उंदरांचं नाव पुढे केलं. पट्ट्यांची चौकशी झाली, पुन्हा उंदीर. सिमरतने आदराने विचारलं की या भागात उंदीर पुष्कळ आहेत का. भिलाआप्पांना घाम फुटला होता. रंजिता मध्येच सरबत घेऊन आली म्हणून वेळ निभावली.

इकडे चुलीपाशी वेगळंच चाललं होतं. प्रमिलाबाईने एक्केचाळीस वर्षांत मातीच्या खापराला हात लावला नव्हता. तिच्या हाताला माझा ताव माहीत होता, मातीचा नाही. पहिला मांडा चिकटून फाटला, दुसरा खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. खापर नवं, न मुरवलेलं. तिसरा मांडा टाकला आणि ते टचकन दोन तुकडे होऊन चुलीत पडलं. वर राखेचा लोट उठला. ओसरीवर पाटपाणी झालेलं होतं, ताटांत आमरस वाढला होता, आणि त्या मांड्यांची आठवण काढत म्हातारा एका पायावर इतक्या लांबून आला होता.

प्रमिलाबाई ओसरीवर आली. तोंडाला राख, हाताला कणीक. ती कुणाकडे न पाहता सरळ माझ्याकडे आली. भिलाआप्पा आडवे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी शबद देयेल शे."

"पाव्हना उपाशी उठना तं तुमना शबदले काय चाटानं शे?" ती म्हणाली.

तिने हार काढून खिळ्याला अडकवला, मला काखेत मारलं आणि आत गेली. चुलीवर पालथी पडले तेव्हा मला जे वाटलं ते आता लपवत नाही. घरी आल्यासारखं वाटलं.

बाहेर सिमरतच्या हातातून पेन पडलं. ती उठून चुलीकडे यायला लागली, तर आजोबांनी तिला हाताने थांबवलं. भिलाआप्पा उभेच होते. मग ते खाली बसले, पाहुण्याच्या पाटाच्या समोर, जमिनीवर, आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं बोलून मोकळे झाले.

"बलकारभाऊ, उंदीर नहीं थे. तुमने सांभाळने को दिया, और हमने चूल पे चढाया. एक्केचाळीस साल."

बलकारसिंगच्या ताटात पहिला मांडा पडला, वर तीन टिळे. त्याने तो कपाळाला लावला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. चौथ्याला नको म्हणाला आणि खूण केली की ढाल आणा. भिलाआप्पा मान वर करायला तयार नव्हते. मी निवेपर्यंत सगळे तसेच बसून होते, कुणी रसाची वाटीसुद्धा उचलली नाही.

निवल्यावर म्हाताऱ्याने मला मांडीवर घेतलं. कडेवरून अंगठा फिरवला. उलटी केली आणि आतून पाहिलं. खिळ्याच्या भोवती पाहिलं, फुलांच्या खालच्या खाचा नखाने उकरून पाहिल्या. नातीला चष्मा मागितला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून पाहिलं. मग भिलाआप्पांना विचारलं, "मैंने तुझसे क्या माँगा था, भिला?"

भिलाआप्पा कसेबसे म्हणाले की गंज चढू देऊ नको, असं सांगितलं होतं.

"तो कहाँ है जंग?"

म्हातारा मग नातीला सांगायला लागला. त्याच्या वडिलांच्या घरी माझी पूजा व्हायची, तरी दर पावसाळ्यात मला गंज चढायचा. त्याच्या लहानपणी विटेच्या भुकटीने खरवडायचं काम त्याचंच होतं, हाताची सालं निघायची. आणि इथे एक्केचाळीस पावसाळे गेले तरी कणभर गंज नाही. त्याने प्रमिलाबाईला विचारलं की काय लावता. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, तेल, दुसरं काय लावणार.

भिलाआप्पांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. शब्द त्यांनी दिला होता. पाळत ती आली होती, तिला कुणी न सांगता, रोज, वाटीभर तेल घेऊन. हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्याच दिवशी कळलं.

सिमरतने हळूच प्रदर्शनाचा विषय काढला. भिलाआप्पा लगेच म्हणाले की अमानत तुमची, घेऊन जा. बलकारसिंग म्हणाला ठेवून घे. मग दोघांची जी जुंपली ती जुंपली. एक मला इकडे सरकवतोय, दुसरा तिकडे, लग्नात आहेर परत करतात तशी ओढाताण झाली. शेवटी म्हाताऱ्याने मला घट्ट धरून ठेवलं आणि नातीकडे वळून महाराजांच्या नाण्याची आठवण करून दिली.

"पहले क्या लिखा है? देग. तेग बाद में."

एवढंच बोलला. मित्रांनो, दोनशे वर्षांच्या आसपास मी ज्या गोष्टीवरून धुसफुसत होते ती एका म्हाताऱ्याने, तोंडाला आमरस लागलेला असताना, दोन वाक्यांत मिटवली. मला वाटायचं की चुलीवर गेले आणि महाराजांचं नाव बुडवलं. तलवारीने राखायचं ते कशासाठी, तर हंडा चढता राहावा आणि आलेला जेवून जावा म्हणून. उगाच एवढी वर्षं रुसून बसले होते.

मग म्हाताऱ्याने कुर्त्याच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालात माझं चौथं फूल होतं. भिलाआप्पांनी हातोडीच्या एका घावात तो सपाट खिळा पाडला आणि बलकारसिंगने फूल फिरवून बसवलं. फूल घेऊन येईल त्याला ढाल द्यायची, असं ठरलं होतं. त्याने फूलच इथे देऊन टाकलं. आता मागायला कुणी येणार नव्हतं. माझी चारही फुलं जागेवर आली तेव्हा मला एकदम लाहोर आठवलं आणि गलबलून आलं. त्या फुलाशी माझी पुष्कळ बोलणी राहिली होती.

म्हाताऱ्याने आणखी एका मांड्याची फर्माईश केली. प्रमिलाबाईने मला पुन्हा चुलीवर घातलं. मांडा उतरला, त्यावर चार टिळे. सगळ्यांनी कौतुक केलं. प्रमिलाबाईच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. ताकीद मघाशीच मोडली होती, आता ती स्पष्टच बोलली.

"मन्हा मांडाले तीनच टिळा ऱ्हातस. चार दखीसन लोके म्हनतीन, दुसरानं घरनं शे."

रंजिताने हे भाषांतर करून सांगितल्यावर बलकारसिंग इतका हसला की कुबडी आडवी झाली.

सिमरत माझे फोटो घेऊन गेली. त्यांच्या गावच्या प्रदर्शनात माझी जागा रिकामी ठेवली नाही. तिथे मोठा फोटो लागला, चूल, मी, वर वाफाळता मांडा आणि शेजारी राखेने तोंड माखलेली प्रमिलाबाई. खाली नाण्यावरचे तेच तीन शब्द लिहिले होते. फोटो इकडेही आला. तोंड पुसायला तरी सांगायचं होतं, म्हणून प्रमिलाबाई दोन दिवस रंजितावर चिडली होती.

भाकीत मात्र तिचं खरं ठरलं. पुढच्या लग्नात चार टिळ्यांचे मांडे पाहून लोकांनी ते नक्कल म्हणून बाजूला ठेवले, आणि सरलाबाईने तर उघड तोंड वाकडं केलं. प्रमिलाबाईला दारोदार समजावत फिरावं लागलं. त्याचा राग ती माझ्यावर काढते. काढू दे.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. आजोबांचा अडकित्ता असेल, पणजीचं जातं असेल. तिला हार घालून भिंतीवर चढवायची घाई करू नका. आधी तिला हातात घ्या, धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा आणि जमेल तसं कामाला लावा. आम्हाला नमस्काराचं फार नसतं, हात लागला की पुरे होतं. आणि घरात हे काम गुपचूप कोण करतंय, तेही एकदा बघून ठेवा. आता मला जायला हवं. आत चूल पेटली आहे आणि ती बाई पुटपुटत खुंटीकडे येते आहे. तिला माझ्यावाचून करमत नाही, पण हे ती मरेपर्यंत कबूल करायची नाही.